एकोणीस दिवसांचं पाणी

प्रभावती मेथर यांचं पत्र मला २०४३ च्या फेब्रुवारीत आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. लिहायला बसलोच नाही असं नाही, चार वेळा बसलो. पहिल्या खेपेला मायन्यातच अडलो. 'आदरणीय' लिहिलं तर कोरडं वाटत होतं, आणि 'ताई' लिहिलं तर बाईंचं म्हणणं मान्य केल्यासारखं होत होतं. पुढच्या तीन खेपांना मायन्याच्या पुढं गेलो, पण फार पुढं नाही.

पत्र निळ्या शाईतलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं.

"चिंतामणभाऊ, तुम्ही मला ओळखत नाही. मी मालवण तालुक्यातल्या खाजणवाडीची, वय पंच्याहत्तर. १९७३ साली आमच्या गावच्या दवाखान्यात बारटक्के नावाचे कंपाउंडर होते. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर आमचे बाबा होडीसकट गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईला मुलगा झाला. ती तापानं फणफणलेली, दूध आटत चाललेलं, आणि घरात मी पाच वर्षांची आणि धाकटी तीनची. कंपाउंडर म्हणाले, माझ्या बायकोच्या अंगावर दूध आहे, मूल जगेल. एकोणीस दिवसांचा मुलगा आईनं त्यांच्या हाती दिला.

"देताना तिनं एकच मागितलं, पोचल्याचं पत्र टाका. ते आलं नाही. पाऊस लांबलेला, आंबोलीचा घाट, एवढंसं मूल. गेली सत्तर वर्षं घाटावरून कुणीही आलं की ती विचारते, 'झील पोचलो मा?', मुलगा पोचला ना? आता ती ब्याण्णव वर्षांची आहे. वंशवेलीत मला तुमच्या वडिलांचं नाव नोकरीच्या गावांसकट सापडलं. त्यांना मुलगा एकच दिसतो. तुमची जन्मतारीख आमच्या आठवणीशी पाच दिवसांनी जुळत नाही, तरी तो तुम्हीच असाल असं मला वाटतं. आम्हांला तुमच्याकडून काही नको. तो पोचला की नाही, एवढं कळवा."

वाचून मला राग आला नाही. ओशाळल्यासारखं झालं, जणू दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून फोडलं होतं. कारण माझा जन्म मला पाठ होता.

तो माझ्या अक्कानं मला पाठ करून दिला होता. सुलोचना, माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईच्या माहेरी, खटाव तालुक्यातल्या पिंपळदऱ्यात, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी मी जन्मलो. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. सुईण बाजारात गेलेली. अकरा वर्षांची अक्का अनवाणी पळत गेली, वाटेत टाचेत बाभळीचा काटा मोडला, तरी तिनं भाजीच्या पाटीवर वाकलेल्या सुईणीचा पदर धरून तिला ओढत आणलं. मी रडलो तशी ती पुन्हा पळाली, या वेळी गुरुजींच्या घरी, कारण गावात चालणारं घड्याळ तेवढंच होतं. त्यात अकरा बेचाळीस झाले होते. ही गोष्ट मी माझ्या मुंजीत ऐकली, लग्नात ऐकली, बायको गेली त्या आठवड्यातही ऐकली. माणसाला आपण या जगात कुणालातरी हवे होतो याचा पुरावा लागतो. माझा पुरावा अक्काची टाच होती.

मी पत्र तिला दाखवलं. ती कराडला लेकीकडे राहते.

"कोण ही प्रभावती?" अक्का चष्मा कपाळावर सारून म्हणाली. "अरे, आपले अण्णा कंपाउंडर, त्यांनी शंभर बायांना औषधं दिली असतील. एखादीला भास होतो. तू लगेच पुस्तक उघडल्यासारखा उघडू नकोस."

"तिची आई ब्याण्णव वर्षांची आहे, अक्का."

"मग तिला देवाचं नाव घेऊ दे. तुझ्या जन्माला मी दारात उभी होते की नाही? माझ्यावर विश्वास आहे की मालवणच्या टपालावर?"

मी पत्र खिशात घातलं.

इथं वंशवेलीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं, आणि थोडं माझ्यामुळंही. वंशवेल ही घराण्यांचा इतिहास नोंदवण्याची संगणकप्रणाली. लाखो मराठी कुटुंबांनी आपापली माणसं तिच्यात भरली आहेत. पण जन्माच्या रकान्यात सुरुवातीपासून गोंधळ होता. बाळंतपण आईच्या माहेरी झालेलं, आणि जन्मगाव म्हणून वडिलांचं मूळ गाव लिहिलेलं. कुणाची तिथी, कुणाची तारीख. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की हेडमास्तर एक जून लिहून मोकळे होत, त्यामुळं अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला दिसत होता. मी चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकांची सूची करण्यापलीकडं मला काही येत नाही. पण निवृत्त झाल्यावर वंशवेलीनं मला विचारलं आणि मी जन्मनोंदीची नियमावली लिहून दिली. जन्मस्थळ म्हणजे जिथं नाळ कापली ते गाव. एका माणसाला एकच जन्म. आणि पुरावे एकमेकांशी भांडत असतील तर तीन साक्षींचा नियम: तीन कागद एक बोलत असतील, तर वेगळं बोलणारा चौथा पुरावा चूक धरावा आणि नोंद सुसंगत ठेवावी. नियम सोपा होता म्हणून सगळ्यांना आवडला. मलाही आवडला होता.

मग २०४१ मध्ये दातांचं यंत्र आलं.

दाताचं कवच झाडाच्या खोडासारखं थराथरानं वाढतं, रोज एक थर. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ हिरडीच्या आत बनायला लागते ती जन्माच्या आसपास. जन्म हा शरीराला इतका मोठा धक्का असतो की त्या दिवसाच्या थरात एक गडद रेघ उमटते आणि जन्मभर राहते. कवचात आणखी एक गोष्ट मुरते, पाणी. म्हणजे आईनं प्यायलेल्या पाण्यातून, दुधातून आलेलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य. ते पाण्यात येतं खडकातून, आणि प्रत्येक खडकात त्याची प्रत, म्हणजे घडण, ठरलेली असते. सातारा जिल्हा काळ्या कातळावर बसलाय. मालवणच्या बाजूचे खडक त्याच्याहून कितीतरी जुने, त्यामुळं तिथल्या पाण्याची प्रत वेगळी. यंत्र दाढेच्या कापावरून केसाहून बारीक लेसर फिरवतं आणि थर वाचत जातं: ही जन्माची रेघ, रेघेच्या आधी हे पाणी, रेघेनंतर हे.

पत्र आलं त्याच महिन्यात माझी खालची डावी, सहाव्या वर्षी आलेली दाढ काढावी लागली. मी ती यंत्राकडं पाठवली. मला वाटलं, हे सभ्य उत्तर होईल. माझ्या म्हणण्यापेक्षा दाढेचं म्हणणं बाई मानतील.

निकाल एका ओळीचा आला. "जन्मनोंद सुसंगत."

मी सुटलो. प्रभावतीबाईंनी वंशवेलीत माझ्या नोंदीवर दावा टाकला होता. निकाल येताच प्रणालीनं तो आपोआप फेटाळला आणि त्यांना कळवलं: "आपले प्रतिपादन उपलब्ध साक्षींशी विसंगत असल्याने स्वीकारता येत नाही. आपल्या भावनांचा आदर आहे." हे वाक्य नियमावलीच्या परिशिष्टातलं होतं. ते मीच लिहिलेलं. मग वेगळं उत्तर पाठवायचं कारण उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

यंदाच्या, म्हणजे २०४६ च्या मार्चमध्ये, सकाळी मी गच्चीवर पुस्तकांना ऊन देत होतो, तेव्हा समिधाचा फोन आला. समिधा घुगे ही वंशवेलीची मुख्य तंत्रज्ञ, नाशिकची, माझ्या मुलीपेक्षाही लहान.

"काका, बसलाय का उभे आहात?"

"उभा आहे."

"मग बसा. चहा झालाय?"

"झाला. काय ते सांग बाई, मला धडधडतं."

"तुमच्या तीन साक्षींच्या नियमाची तपासणी चाललीय. यंत्रानं एक सांगितलं आणि कागदांनी त्याला गप्प केलं, असे चार हजार एकशे बारा निकाल निघालेत. त्यात एक तुमचा आहे. मी उघडलेला नाही. म्हणजे, उघडला. खोटं कशाला बोलू. उघडला आणि बंद केला."

"माझा निकाल सुसंगत होता."

"तो छापलेला, काका. यंत्रानं वाचलेला आलेख वेगळाच असतो. तीन कागद जुळले की प्रणाली आलेख दाखवतच नाही. तुम्हीच तसं लिहिलंय, कलम नऊ."

मी पुस्तकांमधेच खाली बसलो. मग म्हणालो, "पाठव."

आलेख वाचायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. एक रेघ डावीकडून वरच्या पातळीवर सरळ चाललेली. जन्माच्या खुणेच्या आधी वर, खुणेनंतरही वर. मग अचानक ती उतरू लागते, खाली येते आणि शेवटपर्यंत खालीच राहते. वरची पातळी दक्षिण कोकणातल्या जुन्या खडकांची आणि खालची काळ्या कातळाची. जन्मखूण ते उतरण, यांच्यामधले थर यंत्रानं मोजले होते. एकोणीस. दोन इकडं तिकडं.

समिधा फोनवरच होती. "काका, एकोणीस हा आकडा तुम्हांला काही सांगतो का?"

"हो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

दुपारी मी माझे तीन कागद काढले. ते मी शेकडो वेळा पाहिले होते, पण फक्त तारखेसाठी. या वेळी ते कुठून आले ते पाहिलं. जन्माचा दाखला १९९१ चा होता, नोकरीला लागताना उशिरानं काढलेला. त्यावर 'आधार: शाळा सोडल्याचा दाखला'. मग शाळेचा दाखला पाहिला. त्याच्या शेऱ्यात 'आधार: जन्मपत्रिका'. आणि पत्रिका? तिच्या शेवटच्या पानावर जोशीबुवांच्या बारीक अक्षरात, 'वेळ कु. सुलोचना हिने सांगितल्यावरून.'

तीन साक्षी कधी नव्हत्याच. एकच साक्ष एका कागदावरून दुसऱ्यावर उतरली होती. चाळीस वर्षं सूची केलेल्या माणसानं एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन पुस्तकं म्हणून मोजल्या होत्या. आणि तसंच करा असं लाखो लोकांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कराडला गेलो. अक्का गॅलरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"न सांगता? कोण गेलं?"

"कुणी नाही. अक्का, माझा जन्म सांग."

ती हसली. "चौऱ्याहत्तरावं लागेल आता तुला. पाठ आहे की."

"तरी सांग."

तिनं शेंगा सोलता सोलता सांगायला सुरुवात केली. बाजाराचा दिवस, सुईण, काटा, पदर. एक शब्द इकडचा तिकडं नाही. गुरुजींच्या घड्याळापाशी आली तेव्हा मी विचारलं, "ते मूल कुठाय?"

हात थांबले.

"कुणी सांगितलं तुला?"

म्हणजे खरं होतं. कोणतं मूल, असं तिनं विचारलंच नव्हतं.

"माझ्या दाढेनं," मी म्हणालो.

"मेली ती यंत्रं," अक्का पुटपुटली. मग सांगू लागली, या वेळी अडखळत, कारण ही गोष्ट तिला पाठ नव्हती. मूल सातव्या दिवशी निळं पडलं. अण्णा आणि आजी त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. नवव्या दिवशी ते तिथंच गेलं. अण्णांनी आजीला शपथ घातली आणि गावात निरोप दिला की मूल दवाखान्यात आहे, सुधारतंय. मग ते नोकरीच्या गावी, खाजणवाडीला गेले. दिवाळीत परत आले ते टोपलीत मला घेऊन. ओल्या बाळंतिणीला हे कसं सांगायचं, म्हणून कुणी सांगितलं नाही.

"आईला कळलं नाही?"

"दूध पाजणाऱ्या बाईला कळणार नाही? तिनं तुला घेतलं, पाजलं, आणि तुझ्या डोक्यावरून अण्णांना विचारलं, 'हिच्या आईला रडू आलं का?' तिनं 'ह्याच्या' नाही म्हटलं रे, 'हिच्या' म्हटलं, जणू दुसऱ्याच कुणाची मुलगी मांडीवर आहे. आपल्या मुलाची दुसरी कुणी आई आहे हे तिच्या तोंडून निघेना. मी तिथंच उभी होते. अण्णा म्हणाले, नाही, शांत होती. आईनं पुन्हा कधी विचारलं नाही."

"पण तू होतीस. तुला माहीत होतं. आणि सत्तर वर्षं तू मला..."

"काय सांगायला हवं होतं?"

"माझा जन्म!"

"तुझा जन्म मी पाहिलाच नव्हता, चिंता. जो पाहिला तो सांगितला."

खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत होता. अक्कानं पदरानं हात पुसले.

"मी पळाले होते रे त्याच्यासाठी. टाचेत काटा घेऊन पळाले. नऊ दिवस जगला आणि त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही असं ठरलं, कारण त्याचं सगळं तुला दिलेलं. त्याची वेळ, त्याची पत्रिका, त्याची कुंची. त्याची गोष्ट मी कुणाला सांगणार होते? तू ऐकायचास. डोळे मोठे करून ऐकायचास. मला वाटायचं, त्यालाच सांगतेय."

मला तिची दया यायला हवी होती. आलीही असेल. पण त्या वेळी मला एवढंच जाणवत होतं की माझ्याजवळचं जे एकमेव होतं ते कुणीतरी हातातून काढून घेऊन म्हणालं होतं, हे तुझं नव्हतंच, तू नुसता सांभाळत होतास.

"नाव तरी माझं आहे ना?" मी विचारलं. आता हसू येतं, पण मी खरंच विचारलं.

"नाव मीच सांगितलं तुझ्या कानात. अक्षर मात्र पत्रिकेतलं. रेवतीचं चौथं चरण, ची. त्याच्या पत्रिकेतलं."

"आणि त्या बाईचं पत्र मी तुला दाखवलं, तेव्हा? तेव्हाही तुला दारात उभं राहिलेलं आठवत होतं?"

अक्कानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "ते पहिलं पत्र नव्हतं."

दर दिवाळीला एक कार्ड यायचं, ती म्हणाली. त्या बाईला लिहिता येत नव्हतं, मास्तरांकडून लिहवून घ्यायची. एकच ओळ, मूल पोचलं का, बरं आहे का. अण्णांची बदली झाली तरी मागून यायचं. अण्णा म्हणायचे, उत्तर दिलं तर ती येईल, आणि आली तर परत मागेल. आठ वर्षं कार्डं आली. आई ती घ्यायची आणि चुलीत घालायची. मग यायची बंद झाली.

"आठही तू पाहिलीस?"

"वाचून मीच दाखवायचे. आईला तरी कुठं वाचता येत होतं."

मी उठलो. अक्का मागून म्हणाली, "जेवून जा. पावट्याची आमटी केलीय." मी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरून न जेवता निघालो, आणि बसस्थानकापर्यंत मला वाटत राहिलं की मागं फिरावं. फिरलो नाही, एवढंच.

घरी येऊन वंशवेल उघडली. एका नोंदीतून दोन माणसं वेगळी करायची सोय प्रणालीत आहे. दोन नावांची एकच व्यक्ती निघाली की नोंदी जोडायच्या, आणि जोड चुकीची निघाली की तोडायची, हे कलम मीच लिहिलं होतं. पण जोड तोडताना प्रत्येक रकाना विचारतो, हे कुणाचं?

तारीख त्याची. वेळ त्याची, अकरा बेचाळीस. तिच्यापुढं मी कधीकाळी 'अधिक-उणे चार मिनिटे' असं लिहिलं होतं, अक्काला गुरुजींच्या घरापर्यंत पळायला लागलेला वेळ धरून. तीही टीप त्याचीच. जन्मस्थळ पिंपळदरे, त्याचं. मृत्यू एकवीस ऑक्टोबर. नावाच्या रकान्यात मी 'नाव ठेवले नाही' असं लिहिलं. साक्ष: सुलोचना, बहीण, वय वर्षे अकरा, प्रत्यक्ष हजर. तिची साक्ष खोटी नव्हतीच. ती नोंद पूर्ण झाली तेव्हा इतकी नेटकी दिसत होती की नियमावलीत नमुना म्हणून छापावी.

मग माझी. नाव राहिलं. बाकी सगळं रिकामं.

समिधाला फोन केला. ती म्हणाली, "काका, नियम बदलायचाय. कसा, ते तुम्ही सांगा. आणि हे चार हजार लोक, त्यांना आलेख दाखवायचे का? एका बटणाचं काम आहे. काल मी एकीशी बोलले, ऐंशीच्या आजी आहेत. 'माझ्या वडिलांविषयी तुमचं यंत्र काय म्हणतं ते मला नको सांगू' म्हणाल्या."

"नियमाचं सोपं आहे. कागद मोजू नका. ते कुठून आले ते मोजा. एका तोंडातून निघालेले तीन कागद म्हणजे एक साक्ष."

"आणि माणसं?"

माझ्या स्वभावाप्रमाणं 'तुम्हीच ठरवा' असं म्हणून मोकळं व्हायची मला फार इच्छा झाली होती.

"ज्यांनी विचारलं नाही त्यांना आपणहून काही सांगू नका," मी म्हणालो. "पण ज्यांनी विचारलं होतं आणि ज्यांना आपण विसंगत म्हणून परत पाठवलं, त्यांना उत्तर द्या. प्रत्येकाला. छापील वाक्य नको. ते वाक्य काढून टाका."

"तसे सहाशे अकरा आहेत. एकीचं तुम्ही देणार?"

"हो."

हो म्हणालो खरा, पण आणखी दोन दिवस गेले. फोन नंबर पत्राच्या तळाशी होता. एकदा लावला, वाजायच्या आधी बंद केला. वंशवेलीत प्रभावतीबाईंच्या आईची, सत्यभामा मेथर या नावाची नोंद उघडली. जन्म १९५१. मृत्यूचा रकाना रिकामा. पण रिकामा रकाना म्हणजे माणूस हयात असा अर्थ लावू नये, नोंद राहून गेलेली असू शकते, हे मला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी ब्याण्णव. तेव्हा मी एक ओळ लिहिली असती तर हा रकाना उघडून बघायची वेळ आली नसती. अण्णांनी तिला फसवलं, अक्कानं मला. मी मात्र तिला एका नियमाआड फसवलं, आणि तेही सभ्य भाषेत.

या दोन दिवसांत अक्काचा फोन सहा वेळा आला. मी उचलला नाही. उचलेन, पण कधी ते मला सांगता येत नाही. तिच्या तोंडून पुन्हा ती गोष्ट ऐकायची मला भीती वाटते. आणि ती पुन्हा कधीच ऐकायला मिळणार नाही याचीही.

शेवटी शनिवारी सकाळी बसलो. या वेळी मायना अडला नाही.

"ति. प्रभावतीताईस, सा. न. वि. वि. तुमच्या पत्राला तीन वर्षं उत्तर दिलं नाही. वर वंशवेलीकडून जे उत्तर गेलं ते चुकीचं होतं, आणि ते माझंच होतं. दाढेच्या परीक्षेत एकोणीस दिवस तुमच्या गावचं पाणी निघालं आहे. तुमची आठवण बरोबर होती, चूक माझ्या कागदांची. माझी जन्मतारीख आता माझ्याकडं नाही. ती आईंना विचारून कळवावी. मी ती जशी सांगतील तशी लिहीन, दुसरा पुरावा मागणार नाही. आई असतील तर पुढचं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. नसतील तरी एकदा घरात वाचा.

"आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी १९७३ च्या दिवाळीत घाटावर सुखरूप पोचलो. दूध मिळालं. शाळा शिकलो, पुस्तकांत नोकरी केली, एक मुलगी आहे. प्रकृती बरी आहे. पत्र टाकायला उशीर झाला. चिंतामण."

चष्मा पुसून मी ते दोनदा वाचलं. 'उशीर झाला' हे फार कमी वाटलं, पण त्याहून मोठा शब्द मला सापडला नाही.

टपाल कचेरीत गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"काका, हल्ली कुणी हातानं पत्ता लिहीत नाही. अक्षर सुरेख आहे. साधं पाठवू का स्पीडनं?"

"लवकर पोचेल तसं."

"काही अर्जंट?"

खिशात फोन वाजायला लागला. कराडचाच असणार.

"हो," मी म्हणालो. "अर्जंट आहे."

बाईंनी तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. फोन थांबेपर्यंत मी खिडकीपाशी उभा राहिलो, आणि मग बाहेर पडलो.